व्यायामाविरुद्ध मी छापलेलं पत्रक

रोज सकाळी साडेसहाला माझ्या फोनवर सूर्य उगवतो. खाली गुलाबी अक्षरांत लिहिलेलं असतं, 'उठा, चाला, हसत राहा.' पाठवणारा माझा आत्तेभाऊ. त्याची पाठ कधी दुखलेली नाही, त्यामुळे आपल्याला पाठ आहे हे त्याला अजून कळलेलंच नाही. मी त्या वेळी कॉटवर पडून, आधी उजवा पाय खाली टाकायचा की डावा, याचा हिशेब करत असते. उठायला मला वीस मिनिटं लागतात. हसायला त्याहून जास्त.

हे मी रागात लिहिते आहे, ते आधीच सांगते. मी बरी झालेली नाही. माझा आजार बरा होत नाही, ताब्यात राहतो, आणि तोही रोज राखला तरच. ज्यांच्या हातात डॉक्टरांनी व्यायामाचा एक कागद ठेवला आणि "रोज करा" म्हणत पुढच्या पेशंटची बेल दाबली, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तसा कागद माझ्याकडेही आहे. त्याच्याशी मी आधी भांडले, मग त्याच्याविरुद्ध पत्रक छापलं, आणि त्या पत्रकापायी समोरच्या घरातल्या एका बाईचा हात जवळजवळ जायची वेळ आली. हे शेवटचं लपवलं तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही.

पाच वर्षं

माझे वडील, अप्पा, सोलापुरात शुक्रवार पेठेत छोटा छापखाना चालवतात. लग्नपत्रिका पोटासाठी आणि पत्रकं मनासाठी. यंत्रमागवाल्यांची, विडीवाल्या बायकांची, नळाला पाणी का येत नाही म्हणून रस्त्यावर बसलेल्या गल्लीची. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या प्रुफांवर. शाळेत 'माझा आवडता प्राणी' या निबंधाच्या शेवटी मी 'आमच्या मागण्या' असा मथळा घातला होता आणि बाईंनी अप्पांना बोलावून घेतलं होतं. अप्पांनी निबंध वाचला आणि म्हणाले, "मागण्या रास्त हायत की."

एम.ए. झाल्यावर मी छापखान्यातच टाईप करायला लागले. त्याच वर्षी, बाविसाव्या, कंबर धरली. पहाटे जाग यायची ती दुखण्यानं. कमरेपासून मानेपर्यंत कोणीतरी लाकडी पट्टी घालून शिवून टाकल्यासारखं वाटायचं. दहा वाजेपर्यंत पट्टी सैल व्हायची, दुपारी मी विसरून जायचे, दुसऱ्या दिवशी परत तेच.

पहिले डॉक्टर म्हणाले, बसून काम करता, खुर्ची बदला. दुसऱ्यांनी कॅल्शियम दिलं. तिसऱ्यांना तो गॅस वाटला. चौथ्या बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या आईला, अव्वाला सांगितलं, "लग्न करून टाका, सगळं जागेवर येतं." माझ्या मणक्याला नवरा हवा आहे हे ओळखायला त्यांना आठ मिनिटं पुरली.

सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, आराम करा. मी केला. आराम केला की जास्त आखडायचं. हे मी सांगत होते, चारही जणांना, आणि चौघंही ते लिहून घेत नव्हते. सकाळी किती वेळ आखडलेली असतेस, हा एक प्रश्न पाच वर्षांत कोणी विचारला नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाची पाठ बसून धरत असेल आणि हलल्यावर सुटत असेल, तर कोणी विचारायची वाट बघू नका. टेबलावर हात आपटून सांगा.

त्या दिवशी

सत्ताविसाव्या वर्षी मी एका दवाखान्यात गेले. तिथे महिन्यातून दोनदा बाहेरगावाहून सांध्यांचे डॉक्टर येतात. त्यांनी माझी फाईल बाजूला सारली आणि विचारलं, "सकाळी किती वेळ आखडतं?"

मी रडायला लागले. अव्वा घाबरली. "अगं, त्यांनी अजून हात बी लावला न्हाय की!"

रक्त तपासलं, बोगद्यासारख्या मशिनमध्ये घालून फोटो काढले आणि पंधरा दिवसांनी नाव कळलं. अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस. अव्वानं तीनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. आमच्या घरी त्याला 'ते अंकी' म्हणतात. "आज ते अंकी कसं हाय?"

डॉक्टर नीट बोलले, हे कबूल करते. शरीराचीच फौज शरीरावर चालून जाते, मणक्यांना सूज येते आणि हालचाल ठेवली नाही तर मणके एकमेकांना जोडले जाऊ शकतात. आमच्या घरात एकजूट या शब्दावर मी वाढले. माझ्या मणक्यांनी तो फारच मनावर घेतला होता.

"गोळ्या मी देतो, त्यांनी सूज उतरेल," डॉक्टर म्हणाले. "वाकणं आणि वळणं मात्र तुझं तुलाच राखायचं आहे. रोज व्यायाम."

"किती दिवस?"

"रोज."

"हो, पण कधीपर्यंत?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आयुष्यभर."

हा शब्द त्यांनी 'जेवणानंतर' म्हणावं तसा उच्चारला. मला त्याच क्षणी त्यांचा राग आला आणि तो कित्येक महिने उतरला नाही. पाच वर्षं तुमच्या लोकांनी वाया घालवली, आणि त्याची भरपाई आयुष्यभर मी करायची?

हसरा माणूस

हातात दिलेला कागद झेरॉक्सची झेरॉक्स होता. त्यावर बारा चित्रं. प्रत्येक चित्रात एक गोरा, काटक माणूस स्वच्छ चटईवर पालथा, उताणा, वाकलेला, आणि प्रत्येक वेळी हसरा. खाली इंग्रजीत सूचना. त्याच्या खोलीत कॉट नव्हती, शिलाई मशिन नव्हतं, धान्याची कोठी नव्हती, वाळत घातलेल्या पापडांवरून उडी मारून जाणारी आई नव्हती.

दवाखान्यात दहा दिवस फिजिओथेरपी झाली. रोज दहा ते बारा. बाकावर रांग, भिंतीला लावलेलं चाक, छताला टांगलेली दोरी, आणि सना मॅडम. त्या माझ्याच वयाच्या, सोलापूरच्याच, बोलायला दख्खनी. "ऐसा नक्को, शिवलीला. झटका नक्को देऊ. गर्दन सावकाश. हौ, बस." पहिल्या दिवशी त्यांनी मला भिंतीला पाठ टेकून उभं केलं. टाचा भिंतीला, कंबर भिंतीला, आता डोकं टेकव. डोकं टेकेना. मागे फट राहिली. त्यांनी फटीत बोटं घालून मोजली. चार बोटं.

"यातलं थोडं आखडल्यामुळं आहे, ते परत येईल," त्या म्हणाल्या. "हाडानं घेतलेलं येणार नाही. किती कुणाचं ते आत्ता सांगता येत नाही. करत राहा."

पहिल्या दिवशी माझ्याबरोबर रिक्षात आमच्या समोरच्या नरसक्का होत्या. तेलुगू घरातल्या, पन्नाशीच्या पुढच्या, दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या. त्यांचा उजवा खांदा जाम झाला होता. सना मॅडमनी त्यांना भिंतीवर बोटं चढवायला शिकवलं, मुंगीसारखी एकेक, जिथे हात थांबेल तिथे वीस मोजायचे आणि खडूनं रेघ मारायची. "रोज इथं या," मॅडम म्हणाल्या. नरसक्कांनी मान हलवली आणि परत गेल्या नाहीत. दहा ते बारा हीच त्यांची कारखान्याच्या शाखेत विड्या देऊन पानं आणायची वेळ. तिथं नंबर चुकला की दिवस गेला. हे मला तेव्हा माहीत होतं. माहीत असून त्याचा अर्थ लागला नव्हता.

घरी मी पंधरा दिवस व्यायाम केला. कंटाळा या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला. दुखणं परवडलं, निदान त्यात काहीतरी घडत असतं. छताकडे बघत वीस मोजायचे. कुशीवर वळून वीस मोजायचे. अव्वा चुलीपाशी उभी राहून माझ्यापेक्षा मोठ्यानं मोजायची आणि मी सोळावर थांबले की, "चार राहिले गं," म्हणायची. एकदा मी ओरडले, "तूच कर ते चार!" दुसऱ्या दिवशी पहाटे गरम पाण्याची पिशवी नेहमीसारखी माझ्या कमरेखाली सरकवलेली होती. न बोलता. तिच्या त्या न बोलण्याचाही मला राग आला, आणि पिशवी मी घट्ट धरून ठेवली.

आत्तेभावानं फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. ते रोज विचारायचं, 'आज तुम्ही तुमच्या ध्येयाच्या किती जवळ आहात?' मी ते काढून टाकलं.

बहिष्कार

मग मी तेच केलं जे आमच्या घरात राग आला की करतात. पत्रक लिहिलं.

'व्यायाम करा म्हणे! बंधू-भगिनींनो, आजार कामानं द्यायचा, रोगाचं निदान पाच वर्षं उशिरा करायचं, आणि इलाज मात्र आपण आपल्या घरी फुकटात करायचा, ही कुठली रीत? दिवसभर खपून जिचं अंग मोडलं आहे तिला रोज वीस वेळा हात वर करायला सांगणं हा उपचार नाही, अपमान आहे. हे कागद परत करा. पुरेसे डॉक्टर आणि पुरेशी औषधं मिळेपर्यंत व्यायामावर बहिष्कार!'

अप्पांनी प्रूफ वाचलं. चष्मा कपाळावर चढवला. "निम्मं खरं हाय. दुसऱ्या निम्म्याची खात्री केलीस?"

"अप्पा, तुमी कधीपासून सबुरीवाले झालात?"

हे त्यांना लागलं, मला दिसलं, आणि मी नजर वळवली. मान वळत नव्हती म्हणून सगळीच वळले. त्यांनी कागद मशिनला लावला. फक्त एवढंच म्हणाले, "खाली नाव-पत्ता घाल." अप्पांच्या छापखान्यातून नाव-पत्त्याशिवाय पत्रक बाहेर पडत नाही. कायदा आहेच, पण त्यांचं स्वतःचं म्हणणं असं की पत्रकापायी ज्याचं वाईट झालं त्याला आपलं दार सापडलं पाहिजे.

मी नाव घातलं. शिवलीला, गल्लीचं नाव, घरनंबर. पत्रक गल्लीत दारोदार वाटलं. लोकांनी वाहवा केली. "लई भारी लिवलंयस गं." मी त्याच दिवसापासून व्यायाम बंद केला, तत्त्वासाठी. तत्त्वासाठी कॉटवर पडून राहणं किती सोपं असतं ते मी सांगू शकते.

सहा आठवडे. गोळ्या चालू होत्या, पण अंग हळूहळू बंद होत गेलं, एकेक दार लावत जावं तसं. मोजे घालणं बंद झालं. पायाची नखं अव्वा काढायला लागली. नवी पेठेत एकदा मागून रिक्षाचा हॉर्न वाजला. सगळी माणसं मान वळवून बाजूला झाली. मला बघायला पूर्ण फिरावं लागलं, तेवढ्यात रिक्षा अंगाशी आली, आणि रिक्षावाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "काय ताई, मान घरी ठेवून आलाय का?" लोक हसले. मी साड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसले. आरशात दिसत होते, पुढे आलेली मान, वाकलेले खांदे. अठ्ठाविसावं लागलं होतं.

घरी आले तर आमच्या पडवीत नरसक्का खाली बसलेल्या आणि अव्वा त्यांचे केस विंचरत होती. मला वाटलं, बायकांचं आपलं काहीतरी. त्या गेल्यावर अव्वा म्हणाली, "तिचा हात वर जाईना आता. महिना झाला, रोज माझ्याकडं येतीया येणी घालायला."

"का? त्या तर रेघा मारत होत्या ना भिंतीवर?"

अव्वानं माझ्याकडे बघितलं. "तू बंद करायला सांगितलंस की."

समोरच्या दारात

मी तशीच समोर गेले. नरसक्का सूप घेऊन बसल्या होत्या. भिंतीवर खडूच्या रेघा होत्या, एकीच्या वर एक, सात-आठ. सगळ्यात वरची त्यांच्या कपाळाच्या उंचीला. आणि त्या रेघांशेजारी माझं पत्रक, खळीनं चिकटवलेलं.

"अक्का, हात दाखवा."

त्यांनी उजवा हात उचलला. छातीपर्यंत आला आणि खांदा वर उडाला. त्यांनी ओठ दाबले. कपाळाच्या रेघेपासून छातीपर्यंत. एवढं अंतर.

"तुमी बंद का केलंत?"

"तूच लिवलीस की," त्या म्हणाल्या, मला समजावून सांगावं तसं. "अपमान हाय म्हणून. मी बोट ठिवून वाचले सगळं. मला बी वाटलं, व्हय, खरं हाय, माझ्याकडून फुकट काम करून घ्यायलेत."

"पण अक्का, मला काय कळतंय खांद्यातलं? मी काय डॉक्टर आहे का?"

"छापलेलं व्हतं की गं," नरसक्का म्हणाल्या. "तुझ्या अप्पाच्या हितलं. त्यांच्या हितलं छापलेलं खोटं कसं असंल?"

मला कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. चौथ्या डॉक्टरीणबाईंचा मी इतकी वर्षं राग केला, कारण ज्यातलं कळत नाही त्यावर त्या ठासून बोलल्या होत्या. मी दुसरं काय केलं होतं? त्यांनी निदान एकीलाच सांगितलं. मी गल्लीभर वाटलं.

सना मॅडमना भेटून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असा खांदा कधी कधी तसाही जास्त आखडतो. कदाचित तुमच्यामुळं नसंलही." मला तो कदाचित नको होता. मी तो घेतला नाही.

अप्पांना म्हणाले, "दुरुस्ती छापायची."

"छापू," ते म्हणाले. "पण वाटायची तू. ज्या दारात पहिलं दिलंस त्या परतेक दारात. आणि नुसतं सरकवायचं न्हाय, बोलायचं."

दुसरं पत्रक चार ओळींचं होतं. 'व्यायामावर बहिष्कार टाका असं मी लिहिलं होतं. ते चूक होतं. त्यामुळे माझं आणि दुसऱ्या एका बाईचं नुकसान झालं. सांगितलेला व्यायाम बंद केला असेल तर दवाखान्यात विचारून पुन्हा सुरू करा.' खाली तेच नाव, तोच पत्ता. पहिल्या वेळी वाहवा केलेले लोक या वेळी दारातच म्हणाले, "म्हंजे आता करायचं का?" एक काका म्हणाले, "आधी ठरव की बाई." मी सगळं ऐकून घेतलं. वाकता येत नव्हतं, त्यामुळे मान खाली घालायचीही सोय नव्हती.

शेवटचं दार नरसक्कांचं. त्यांनी पत्रक घेतलं, बोट ठेवून वाचलं, आणि परत दिलं.

"कागद नको आता," त्या म्हणाल्या. "तू हितं येऊन कर. माझ्यासमोर. रोज. मग मी करते."

रोज

तेव्हापासून सकाळी आठला मी समोरच्या ओसरीवर असते. माझ्याबरोबर तिथे विड्या वळायला जमणाऱ्या आणखी तिघी. पहिल्या दिवशी मी चटई टाकून पालथी पडले आणि डोकं वर उचललं, तर एकजण म्हणाली, "अय्यो, पाल पडली जणू." सगळ्या हसल्या. मीही हसले आणि त्या हसण्यात पहिल्यांदाच वीसच्या पुढे गेले.

व्यायामाची आवड लावा, असं सगळे सांगतात. ती लागत नाही. मला अजूनही कागदावरचा तो हसरा माणूस आणि त्याची चटई आवडत नाही. ओसरीवर मात्र जावंसं वाटतं, आणि तिथे गेलं की व्यायाम होतो. कोणासमोर तरी करा, एवढं एकच मला छातीठोकपणे सांगता येईल. समोरचं माणूस टोमणे मारणारं असेल तर उत्तम. गोड बोलणाऱ्यांना फसवता येतं.

आकड्यांचा कंटाळा मी घोषणांनी घालवला. लहानपणापासून पाठ आहेत. एक लांब घोषणा सावकाश म्हटली की पाच आकडे जातात, चार म्हटल्या की वीस. 'नळाला पाणी, रोज पाणी' म्हणत मी कंबर उचलते आणि विडीवाल्या बायका वळता वळता पुढची ओळ ओढतात. नरसक्का मात्र तेलुगूतच मोजतात. त्यांच्या मते मराठीत वीस फार लांब आहे.

माझी फट मोजायचं काम त्यांनीच घेतलं. पहिल्या सोमवारी मला भिंतीला उभं केलं, बोटं वगैरे काही नाही, सुपातला विड्यांचा बांधलेला कट्टा उचलला आणि माझ्या डोक्यामागे घातला. आख्खा कट्टा आत गेला, वर जागा उरली. "येवढं!" त्या म्हणाल्या. "दुकान टाक की मागं." पुढचे कित्येक सोमवार कट्टा तेवढाच जात होता. मी चिडायचे. मग एका सोमवारी अडकला. त्या दिवशी ओसरीवर चहा झाला. आता सुट्ट्या विड्या घालून बघतो, चपट्या एकावर एक. गेल्या सोमवारी पाच मावल्या. कदाचित यापुढे कमी होणार नाहीत, बाकीचं हाडानं घेतलं असेल. तरी सोमवारी मोजतोच.

वाईट दिवस येतात. आठवडाभर सूज चढते, कॉटवरून उठवत नाही. त्या दिवसांसाठी सना मॅडमनी पडल्या पडल्या करायचे दोनच प्रकार दिले आहेत. दोन केले की दिवस भरला. राहिलेले दहा दुसऱ्या दिवशी फेडायचे नाहीत, ही माझी अट. आणि त्यांनी आणखी एक केलं. माझ्या कागदामागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं बाराही चित्रं नव्यानं काढून दिली. वेणीवाली, पंजाबी ड्रेसमधली बाई. हसत नाही. मॅडमनी तिच्या भुवया आखडून काढल्यात. "तुझ्यासारखी," म्हणाल्या.

दहा ते बारा

राग गेलेला नाही. तो पहिल्यांदा चुकीच्या दाराशी नेला होता, एवढंच. एके सकाळी नरसक्का भिंतीवर बोटं चढवत असताना मी विचारलं, "अक्का, तुमी दवाखान्यात परत का गेला नव्हता?" आणि त्यांनी जे उत्तर दिलं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दहा ते बारा.

तिसरं पत्रक मी आठ दिवस लिहिलं. सना मॅडमना विचारलं, चौघींना वाचून दाखवलं, अप्पांनी दोनदा परत पाठवलं. मागणी एकच. फिजिओथेरपी आठवड्यातून तीन दिवस तरी दुपारी तीन ते पाच चालू ठेवा, कारण सकाळी विड्या द्यायला जाणाऱ्या बायकांना येता येत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही ते घेऊन दवाखान्याच्या अधिकाऱ्यांकडे गेलो. पंचवीसेक बायका, मी आणि मागे दाराशी अप्पा. साहेबांनी आम्हाला तासभर उभं ठेवलं. मी भिंतीला टाचा आणि कंबर लावून उभी राहिले, तासभर व्यायामच झाला. मग त्यांनी पत्रक वाचलं, उलटं करून मागे काही आहे का बघितलं आणि हसले.

"दुपारी उघडं ठेवायचं, आणि कोणी आलंच नाही तर? तुम्हा लोकांना सवय नसते हो नियमाची. सांगा बरं, किती जणी खरंच रोज करता? हात वर करा बघू."

शाळेत म्हणतात तसं म्हणाले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं आणि ते जळजळीत होतं.

तेवढ्यात नरसक्कांनी हात वर केला. उजवा. तो छातीच्या पुढे गेला, कपाळाच्या पुढे गेला. मधे थांबला, त्यांनी ओठ दाबले, खांदा खाली ठेवला, सना मॅडमनी शिकवल्यासारखा, आणि दंड कानाला टेकला. मग एकेक करत सगळ्यांचे हात वर आले.

"बरं बरं, कळलं," साहेब म्हणाले. "घ्या खाली. बघतो मी."

कोणी हात खाली घेतला नाही. साहेब आमच्याकडे बघत होते, आम्ही नरसक्कांकडे. त्यांचं साहेबांकडे लक्षच नव्हतं. डोळे मिटून त्या पुटपुटत होत्या, ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. अजून सोळा राहिले होते.